खडपाचा पाटकरी

तिसरा खिळा सापडला नाही. पहिले दोन जिथे असायला हवेत तिथेच होते. भाचीने दात घासायच्या ब्रशने शेवाळ बाजूला केलं तसे त्यांचे स्टीलचे गोल माथे चमकले. तिसऱ्याच्या जागी सिमेंट होतं. नवं, करडं, वर मिस्त्रीच्या थापीच्या रेघा. पर्यटकांना खडपावरून, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या सपाट खडकावरून, नीट चालता यावं म्हणून कुणीतरी पायवाट ओतून घेतली होती आणि ती नेमकी त्या खिळ्यावरून गेली होती. भाची गुडघ्यांवर बसली होती तशीच थोडा वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "मावशी, हे स्टेशन गेलं." वहीत काहीतरी लिहिलं, पेटी उचलली आणि पुढच्या जागेकडे निघाली, कारण पाणी परत फिरायला फार वेळ उरला नव्हता. मी तिथेच उभी राहिले. मला रागच आला म्हणावं, तर त्याच पायवाटेवरून थोड्या वेळापूर्वी कठड्याला धरून मी सुखाने उतरले होते. माझ्या गुडघ्यांना त्या सिमेंटने उपकारच केले होते.

गाव रायगडच्या दक्षिण टोकाकडचं, हरिहरेश्वरच्या अलीकडचं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ज्यांनी केली आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल: खाली उतरलं की कड्याच्या पायाशी खडकाचा सपाट पट्टा लागतो, भरतीत बुडणारा, ओहोटीत उघडा पडणारा. कड्याच्या अंगावर जाळीदार भोकं, तळाशी लाटांनी आत कोरून काढलेली खोबण. हा सपाट पट्टा म्हणजे मागे सरकलेल्या कड्याने सोडलेली जागा. कडा एकेकाळी पुढे होता. समुद्राने त्याला तळातून खात मागे ढकललं आणि त्याचा पाया तेवढा खाली राहिला. तो पायाही झिजतोच आहे. किती, हे मोजायचं काम माझ्या भाचीने घेतलं आहे. शाळा-कॉलेज धुळ्यात झालेली मुलगी. आमच्या घरात समुद्राशी नातं असलेलं कुणी नाही. आमचं सगळं पाणी तापीत जातं आणि तापी सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, एवढंच काय ते नातं.

मोजायची रीत साधी आहे आणि म्हणूनच नाजूक आहे. खडकात त्रिकोणात तीन भोकं पाडायची, त्यांत न गंजणारे खिळे रेझिनने पक्के बसवायचे. अशा तीन खिळ्यांची जागा म्हणजे एक स्टेशन. मोजताना त्यांच्या माथ्यांवर तीन पायांचं एक यंत्र ठेवायचं. त्याच्या एका पायाच्या तळाशी शंकूसारखा खळगा असतो, दुसऱ्याला खाच, तिसरा सपाट. त्यामुळे कितीही वेळा उचला आणि ठेवा, ते केसभरही न हलता तिथेच बसतं. तीन दगडांच्या चुलीवरचं भांडं डुगडुगत नाही, त्यातलंच हे तत्त्व. मधल्या काट्याची सुई खडकाला टेकते आणि तबकडीवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता येतो. 1970 साली हाय आणि हॅना या दोघा संशोधकांनी चुनखडीच्या प्रदेशासाठी हे यंत्र मांडलं; पुढे ते किनाऱ्यावर आलं. किनाऱ्यावर निघण्याआधी आणि परत आल्यावर भाची ते एका प्रमाण ठोकळ्यावर ठेवून तपासते, म्हणजे झीज खडकाची आहे की यंत्राची, हा घोळ राहत नाही. खडक ओला होता की सुका, ऊन किती होतं, सुईखाली शेवाळ होतं का, सगळं वहीत जातं. पण तीनपैकी एक खिळा गेला की बाकीच्या दोघांना काही अर्थ उरत नाही. नवा खिळा बसवता येतो, पण मग पहिल्या दिवसापासून सुरुवात. आधीची सगळी वाचनं त्या सिमेंटखाली.

तिथेच जवळ एक बाई कालवं काढत होती. उकिडवी बसून लोखंडी अवजाराने शिंपला उचकटायचा, आतलं मांस डब्यात टाकायचं, पुढे सरकायचं. साडी गुडघ्यावर खोचलेली, पावलांवर जुन्या कापल्याच्या खुणा. मी सिमेंटकडे टक लावून पाहते आहे हे तिला दिसलं असावं. म्हणाली, "ते बारकं बटण शोधताय? होतं की तिथेच. मी रोज बघायची." मग पायवाट ओतली त्या दिवशी ती तिथे होती का, असं मी विचारलं. होती. मिस्त्रीला पाणीसुद्धा तिनेच दिलं होतं. "पण ते कशाचं आहे ते मला कुठे ठाऊक? कुणी सांगितलंच नाही."

रोज बघायची.

परतीच्या गाडीत मला दुसरं काही सुचेना. मोजणारी मुलगी वर्षातून थोड्या वेळा येते, उधाणाच्या ओहोटीला, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, जेव्हा खडप जास्तीत जास्त उघडं पडतं. ही बाई उधाण असो की भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी, असो, पाणी उतरलं की तिथे असते. तिला प्रत्येक खाच माहीत आहे, कुठला दगड हलतो ते माहीत आहे, कारण हलणाऱ्या दगडावर पाय पडला तर तिचाच पाय मोडणार. आणि या दोघींच्या मध्ये कुणीही नाही.

माझे आजोबा पांझरेवरच्या एका फडाच्या बंधाऱ्याचे पाटकरी होते. फड पद्धत खान्देशात कुणाला समजावून सांगायला नको. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखाली फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी कुणाला कधी हे गावाने मिळून ठरवलेलं. फडावर माणसं नेमलेली असत. जागल्याने पिकाची राखण करायची, बारेकऱ्याने शेताशेताला पाणी द्यायचं, पाटकऱ्याने बंधारा आणि पाट बघायचा. आजोबांना याचा मोबदला धान्यात मिळे. खळ्यावर रास पडली की पाटकऱ्याचा वाटा आधी बाजूला काढत. लहानपणी मला ते धान्य आजोबांच्या मानाचं वाटे. आता कळतं की तो बघण्याचा पगार होता.

बंधारे बांधणाऱ्यांनी नदीत उघडा, अभंग खडक कुठे आहे ते हेरून त्यावर पाया घातलेला असे. पण पावसाळ्यात भिंतीवरून पाणी कोसळतं ते नेमकं पायाच्या पुढ्यात, आणि तिथे ते खडक खणत जातं. खळगा पुढे पुढे वाढला तर फार बिघडत नाही. तो मागे, भिंतीखाली शिरायला लागला की बंधारा गेला. म्हणून आजोबा दरवर्षी पाणी उतरलं की त्या खळग्यात उतरत. खडकावर छिन्नीने पाडलेली एक आडवी रेघ होती. त्यांनी पाडलेली नव्हे, त्यांच्याही आधीच्या पाटकऱ्याने पाडलेली. तिच्यापासून खळग्याच्या ओठापर्यंत ते बोटांनी मोजत. मी काठावर बसलेली असे. ओल्या बेसॉल्टचा आणि कुजक्या शेवाळाचा तो वास अजून नाकात आहे. वर आले की फडातलं कुणीतरी विचारायचं, "औंदा कितलं गयं, आबा?" आणि ते सांगायचे. कधी अर्धं बोट. कधी काहीच नाही. ज्या वर्षी जास्त गेलं त्या वर्षी होळीच्या आत दगड आणि चुना टाकून खळगा बुजवायचं ठरे. वही नव्हती. रेघ होती, बोटं होती आणि विचारणारं कुणीतरी होतं.

खडक दोन्हीकडे एकच आहे, हे सांगायला हवं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर धुळ्या-नंदुरबारकडून सह्याद्री ओलांडून थेट कोकणच्या पाण्यात उतरतात. साक्री-नंदुरबारच्या वाटेवर माळातून सरळ रेषेत धावणाऱ्या काळ्या दगडाच्या भिंती दिसतात ना, लाव्हा जिथल्या भेगांमध्ये गोठला त्या भेगांच्या भिंती, तशा कोकणच्या खडपावरही आहेत. भाचीने पहिल्यांदा तिथे एक पाहिली तेव्हा मला रात्री फोन केला होता. आवाजात आनंद मावत नव्हता. आमच्याकडे विहीर खणणारा माणूस काळा पाषाण लागला की कपाळाला हात लावतो आणि मांजऱ्या लागला की हसतो, कारण मांजऱ्या लवकर फुटतो. समुद्रालाही तेच कळतं. काळा पाषाण उंच राहतो, मांजऱ्याच्या जागी खळगे पडतात, खळग्यात खारं पाणी साठतं, उन्हात सुकतं, मिठाचे स्फटिक भेगांत वाढतात आणि खडकाचा दाणा दाणा सुटा करतात. वर शंखवर्गीय जीव शेवाळ खरवडून खातात, त्यांच्या जिभेला दात असतात, तेही थोडा दगड नेतात. लाटेचा मारा आपल्याला दिसतो म्हणून सगळी झीज आपण लाटेच्या नावावर टाकतो. पण रोज दोनदा भिजणं आणि दोनदा सुकणं हे कामही लहान नाही.

एका वर्षी खडक फुगला. वाचनात काही बिंदू आधीच्या वेळेपेक्षा वर आलेले निघाले. भाचीने यंत्र ठोकळ्यावर तपासलं; यंत्र बरोबर होतं. हा अनुभव जगात इतरांनाही आला आहे: खडकाचा पृष्ठभाग झिजण्याआधी कधी कधी वर उचलला जातो, भिजण्या-सुकण्याने, मिठाने, आत शिरलेल्या सूक्ष्म शेवाळाने. म्हणजे खडक मोकळा होत असतो, आणि फुगणं ही जाण्याची तयारी असते. मी ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. अहवाल ज्या कार्यालयात गेला तिथल्या साहेबांनी मात्र हे उलटे आकडे गाळून सरासरी पुन्हा काढायला सांगितली. झीज मोजायला गेलात आणि वाढ घेऊन आलात, असं ते म्हणाले म्हणे. भाचीने आकडे गाळले नाहीत, तळटीप देऊन ठेवले. मला तिचा अभिमान वाटतो. जे आकडे आपल्या अपेक्षेबाहेरचे असतात तेच खडकाचं बोलणं असतं, आणि ते खोडायची सवय लागली तर मोजूच नये.

आता मिलिमीटरच्या भागांनी कुणाचं काय बिघडतं, हा प्रश्न मला घरातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी विचारला आहे. बिघडतं ते असं. लाट उथळ पाण्यात शिरली की फुटते. खडपावर पाणी जितकं उथळ, तितकी लहान लाटच कड्यापर्यंत पोचते; बाकीची ताकद वाटेतच खर्ची पडते. म्हणजे ते सपाट, शेवाळलेलं, पर्यटकांना कुरूप वाटणारं खडप मागच्या गावाचं, रस्त्याचं, देवळाचं संरक्षण करत असतं, फुकटात. ते खाली गेलं की वरचं पाणी खोल होतं आणि मोठी लाट आत येते. दुसरीकडून समुद्र स्वतः वर येतो आहे. 2006 ते 2018 या काळात जगभराची सरासरी वाढ वर्षाला 3.7 मिलिमीटर होती. खाली जाणारा खडक आणि वर येणारं पाणी, दोन्ही एकाच बेरजेत जातात. मऊ दगडांच्या किनाऱ्यांवर या यंत्राने वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहून जास्त झीज दाखवली आहे. कठीण दगड त्यामानाने सावकाश जातो. पण वाळू एका पावसाळ्यात जाते आणि दुसऱ्या हिवाळ्यात परत येऊ शकते. गेलेला खडक परत येत नाही. किनाऱ्याच्या व्यवस्थापनात हा फरक सगळ्यात आधी लिहिला गेला पाहिजे असं मला वाटतं, आणि तो लिहिला जात नाही, कारण डोळे वाळूवर असतात. वाळूवर हॉटेलं असतात.

दुसरं कारण नकाशाचं आहे. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातली उपग्रहचित्रं लावून देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एकतृतीयांश भाग झिजतो आहे असं मांडलं. मोठं आणि गरजेचं काम आहे ते. पण उपग्रह वरून बघतो. किनारारेषा आत आली की त्याला दिसतं. रेषा जागच्या जागी आणि खडप मात्र तळहाताएवढं खाली गेलेलं, हे त्याला दिसत नाही. म्हणून खडकाळ किनारा नकाशावर 'स्थिर' या रंगात रंगतो. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत धोक्याच्या रेषेची कल्पना आली, भरती, लाटा, समुद्रपातळीची वाढ आणि किनाऱ्याचा बदल धरून आखलेली. 2019 च्या अधिसूचनेने ती रेषा बांधकामाच्या बंधनांपासून वेगळी करून आपत्तीच्या नियोजनापुरती ठेवली. कुठलीही रेषा आखा, खडकाळ किनाऱ्यावर ती आखायला खालून घेतलेली मोजमापं लागणार. ती कुणी घ्यायची?

यंत्राच्याही मर्यादा आहेत आणि भाची त्या लपवत नाही. यंत्र दाण्यादाण्याची झीज पकडतं. पण बेसॉल्टला, म्हणजे या काळ्या दगडाला, सांधे म्हणजे मुळातल्याच भेगा असतात, आणि एखाद्या वादळात सांध्यांमधला आख्खा ठोकळाच उचलला जातो. खिळा त्या ठोकळ्यात असेल तर खिळ्यासकट. तेव्हा वहीत 'स्टेशन गेलं' अशी नोंद होते आणि सरासरीत ती झीज धरलीच जात नाही, जरी सगळ्यात जास्त दगड त्याच दिवशी गेलेला असला तरी. त्यासाठी आता ड्रोनने फोटो काढून खडपाची त्रिमितीय प्रतिमा जुळवतात, एकीवर दुसरी ठेवून कुठला ठोकळा नाहीसा झाला ते बघतात. चांगलं आहे. पण ड्रोनही कुणीतरी आणलं तरच उडतं. कुठला दगड काल होता आणि आज नाही, हे त्या कालवं काढणाऱ्या बाईला ड्रोनशिवाय ठाऊक असतं.

न्यूझीलंडमध्ये कायकोरा नावाचं द्वीपकल्प आहे. तिथल्या खडपावर 1973 च्या सुमारास असे खिळे बसवले गेले. बसवणाऱ्यांचं संशोधन संपलं, पण खिळे राहिले, आणि वीस वर्षांनी पुढच्या पिढीच्या माणसांनी येऊन त्याच खिळ्यांवर यंत्र ठेवलं. त्यानंतरही वाचनं चालू राहिली. मग 14 नोव्हेंबर 2016 च्या भूकंपाने तो सगळा किनाराच जवळपास मीटरभर उचलला. खडप पाण्याबाहेर आलं तर त्याची झीज कशी बदलते, हे तिथल्या लोकांना विचारता आलं ते आधीची दशकं वहीत होती म्हणून. ही गोष्ट भाचीने मला सांगितली तेव्हा मला भूकंपाचं काही वाटलं नाही, त्या वीस वर्षांनी परत आलेल्या माणसांचं वाटलं. त्यांना खिळे कुठे आहेत हे कुणीतरी नीट लिहून ठेवलं होतं.

आपल्याकडे प्रकल्प तीन वर्षांचा असतो, फार तर पाच. बेसॉल्टला तीन वर्षं म्हणजे काहीच नाहीत. तेवढ्यात खडकाचं फुगणं आणि झिजणं वेगळंसुद्धा काढता येत नाही. भाचीची शिष्यवृत्ती संपेल, तिला नोकरी शोधावी लागेल, ती नोकरी समुद्राजवळ असेल असं नाही. वही विद्यापीठाच्या कपाटात जाईल. याचं मला जितकं वाईट वाटतं तितकंच आमच्या बंधाऱ्याचं वाटतं. आता त्या फडावर विहिरी आणि बोअर आहेत, ज्याची त्याची मोटर, ज्याचं त्याचं पीक. कुणालाही दोष देता येत नाही. पाट वर्षानुवर्षं कोरडा असताना फडाच्या शिस्तीत कोण थांबेल? पण पाटकरी नेमणं बंद झालं आणि खळग्यात उतरणंही बंद झालं. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे गेले होते. रेघ शाबूत आहे. ओठ तिच्या किती जवळ आला, हे मी माझ्या बोटांनी मोजलं आणि मग लक्षात आलं की आबांचा शेवटचा आकडा घरात कुणालाच आठवत नाही.

म्हणून भाचीला मी सांगितलं की खिळे नवे बसव, पण आधी त्या बाईला शिकव. तिला आधी संकोच वाटला. शास्त्राच्या कामात अप्रशिक्षित हात नकोत, असं तिला शिकवलेलं आहे. पण पुढच्या ओहोटीला तिने यंत्र त्या बाईच्या हातात दिलं. बाईने ते तिन्ही खिळ्यांवर ठेवलं, काटा वाचला, उचलून पुन्हा ठेवलं आणि पुन्हा तोच आकडा वाचला. तिसऱ्यांदा स्वतःहून ठेवून पाहिलं. कालवं उचकटणाऱ्या हाताला जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे वेगळं शिकवावं लागलं नाही. मग तिने विचारलं, "हे दर उधाणाला करायचं तर त्या दिवसाचं माझं कालवांचं खाडं. त्याचे किती देणार?"

भाचीच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात यंत्र आहे, प्रवास आहे, ड्रोनचं भाडं आहे, चर्चासत्राचा खर्च आहे. वाचन घेणाऱ्या माणसाच्या मजुरीचं कलम नाही. ते घालून घ्यावं म्हणून तिने अर्ज केला आहे. पण तो मंजूर झाला तरी शिष्यवृत्ती संपेपर्यंतच चालेल. किनाऱ्याच्या संरक्षक भिंतींवर, पायवाटांवर आणि कठड्यांवर होणाऱ्या खर्चातून प्रत्येक खडपामागे एका माणसाचा वर्षभराचा वाटा आधी बाजूला काढून ठेवावा, कामाच्या नावासकट, आणि तो ग्रामपंचायतीकडे असावा, म्हणजे संशोधक बदलले तरी वाचन बदलणार नाही. बाईच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला एवढंच सुचतं. अर्जासोबत जोडायला ते मी भाचीला लिहून दिलं आहे.